पणन मंडळाचा रोजचा बाजारभाव : खानदेशातील लहान शेतकऱ्याला तो किती कामाला येतो?

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर राज्यातील बाजार समित्यांचे रोजचे भाव मराठीत आणि विनामूल्य पाहता येतात. अमळनेर तालुक्यातील आमच्या पाच एकरांत पिकणारा कापूस, मका आणि रब्बीतील हरभरा विकताना मी ही सेवा गेली काही वर्षे वापरतो आहे आणि शेजारच्या शेतकऱ्यांनाही ती वापरायचा आग्रह करतो. माझे मत आधीच सांगतो. धान्य आणि कडधान्य बाजार समितीत नेऊन विकणाऱ्याने हा तक्ता पाहिल्याशिवाय गाडी भरू नये, इतका तो उपयोगी आहे. मात्र ज्या दोन पिकांवर खानदेशाचा बहुतेक पैसा फिरतो, त्या कापसाचा आणि केळीचा मोठा व्यवहार बाजाराच्या आवाराबाहेर, घराच्या ओट्यावर किंवा बागेच्या बांधावर होतो, आणि तिथे हा तक्ता शेतकऱ्याची पुरेशी सोबत करत नाही.

आधी तक्ता कसा वाचावा ते सांगायला हवे, कारण आमच्याकडे भाव पाहणारे पुष्कळ आहेत, पण तक्ता पूर्ण वाचणारे थोडे. बाजार समितीच्या नावापुढे शेतमालाची जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. बहुतेकांची नजर थेट जास्तीत जास्त दरावर जाते आणि तोच आकडा गावभर फिरतो. प्रत्यक्षात तो दर त्या दिवशीच्या एखाद्याच चांगल्या, वाळलेल्या, निवडलेल्या ढिगाला मिळालेला असू शकतो. ज्या दराच्या आसपास बहुतांश माल विकला गेला, तो सर्वसाधारण दर, आणि लहान शेतकऱ्याने आपला हिशेब त्याच आकड्यावर मांडावा. कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांच्यातले अंतरही बोलके असते. हे अंतर मोठे असेल, तर त्या बाजारात प्रतवारीला पैसा मिळतो आहे असे समजावे, आणि घरी दोन दिवस जास्त ऊन देऊन, चाळणी मारून माल नेण्याचे कष्ट वसूल होण्याची शक्यता असते. अंतर अगदी थोडे असेल, तर एक तर माल सारखा आला आहे किंवा व्यापारी प्रत न बघता सरसकट भाव लावत आहेत.

आवकेचा रकाना तर बहुतेक जण वगळूनच टाकतात. वास्तविक दोनशे क्विंटल आवकेवरचा दर आणि चार क्विंटल आवकेवरचा दर यांचे वजन सारखे नसते. चार क्विंटलांचा चांगला भाव पाहून शेतकऱ्याने दूरच्या बाजारात माल न्यावा आणि तिथे दुसऱ्या दिवशी दोनच खरेदीदार असावेत, असे घडू शकते. त्यामुळे एकाच दिवसाचा आकडा न पाहता मागच्या चार-पाच बाजारांचे आकडे एकाखाली एक ठेवून पाहावेत. आवक वाढते आहे आणि तरीही दर टिकून आहे, याचा अर्थ मागणी आहे. आवक रोडावली आणि दर मात्र हलला नाही, तर घाई करण्यात किंवा थांबण्यात फारसा फरक पडणार नाही. हा अंदाज काढायला गणिताची पदवी लागत नाही. वहीचे एक पान आणि आठवड्याभराची सवय पुरते.

जातीच्या रकान्याकडे दुर्लक्ष झाले की नुकसान थेट होते. हरभऱ्याचेच पाहू. तक्त्यात चाफा, लोकल, काबुली अशा वेगवेगळ्या नोंदी असतात आणि टपोऱ्या काबुलीचा दर देशी हरभऱ्यापेक्षा बराच वर असतो. काबुलीचा दर कापून घेतलेले छायाचित्र व्हॉट्सॲपच्या गटात फिरते, त्यावर ना तारीख असते ना जात, आणि घरात साधा हरभरा असलेला माणूस त्या आकड्याच्या आशेने पंधरा दिवस पोती दाबून बसतो. यात तक्त्याचा दोष नाही, त्यातून आकडा उचलून पुढे ढकलणाऱ्याचा आहे. भाव पुढे पाठवायचाच असेल, तर तारीख, बाजार, जात आणि आवक यांसह पाठवावा, एवढी शिस्त प्रत्येक गावाने लावून घेतली पाहिजे.

सेवेची पहिली खरी मर्यादा वेळेची आहे. लिलाव झाले, नोंदी झाल्या, की मग आकडे तक्त्यावर येतात. म्हणजे तक्ता आज काय झाले ते सांगतो, आणि शेतकऱ्याला गाडी ठरवायची असते उद्याची. दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. तक्त्यावरचा दर आणि शेतकऱ्याच्या हातात पडणारा पैसा यांच्यामध्ये भाडे, हमाली, तोलाई, वजनातली घट आणि ओलाव्याची कपात उभी असते, आणि त्यांपैकी एकाचाही रकाना तक्त्यात नाही.

हिशेबासाठी आकडे धरून पाहू. समजा, जवळच्या बाजारात मक्याचा सर्वसाधारण दर २,००० रुपये आहे आणि साठ किलोमीटरवरच्या बाजारात २,१२० रुपये. ज्याच्याकडे आठ क्विंटल मका आहे, त्याला या फरकातून ९६० रुपये जास्त मिळतील, आणि तेवढ्यात पिकअपचे भाडेही निघायचे नाही. हाच मका पाच शेतकऱ्यांनी मिळून चाळीस क्विंटल केला आणि एकाच ट्रॅक्टर-ट्रॉलीतून नेला, तर फरक ४,८०० रुपयांचा होतो आणि मग दूरच्या बाजाराचा विचार करण्यात अर्थ असतो. बाजारभावाची माहिती मोठ्या शेतकऱ्याला जास्त फळते आणि लहानाला कमी, त्याचे मूळ इथे आहे. आकडा दोघांच्या मोबाइलवर एकच असतो, पण तो वापरायला लागणारा मालाचा ढीग एकाकडेच असतो. म्हणून माझ्या मते या सेवेचा खरा ग्राहक एकटा शेतकरी नसून बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा निदान एका गल्लीतले पाच-सहा शेजारी हा आहे.

मक्याच्या बाबतीत हमीभावाचा आकडाही शेजारी लिहून ठेवावा. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो क्विंटलला २,४०० रुपये आहे. आपला बाजार या रेषेच्या किती खाली चालला आहे हे दिसले, म्हणजे शासकीय खरेदीसाठी नोंदणी करायची की व्यापाऱ्याला देऊन मोकळे व्हायचे, हा निर्णय डोळे उघडे ठेवून घेता येतो.

आता कापसाकडे वळतो, कारण तिथे ही सेवा सर्वांत अपुरी पडते आणि तिथेच तिची सर्वांत जास्त गरज आहे. खानदेशात कापसाची खेडा खरेदी चालते. व्यापारी किंवा त्याचा माणूस पिकअप आणि काटा घेऊन गावात येतो, घरातल्या कापसाच्या ढिगात हात घालून मूठभर कापूस दाबून पाहतो, बोटांनी धागा ओढतो आणि म्हणतो, "माल ओला शे, आप्पा." पुढे त्याने सांगितलेला भाव ओलाव्यामुळे किती कमी झाला, कवडीमुळे (किडक्या, डागाळलेल्या कापसामुळे) किती आणि गरजेमुळे किती, हे कोणालाच कळत नाही. दिवाळीचा किंवा लग्नाचा खर्च समोर असतो, घरात कापूस ठेवायला जागा नसते, आणि कधीकधी पेरणीच्या वेळी त्याच माणसाकडून उचल घेतलेली असते. अशा वेळी मोबाइलवर जिल्ह्यातल्या बाजाराचा दर दाखवला, तर उत्तर मिळते, "मग तिथेच न्या." हे उत्तर देता येते, कारण घरातला तीन-चार क्विंटल कापूस तिथे नेणे परवडत नाही, हे दोघांनाही माहीत असते.

तरीही माहिती अशा ठिकाणी निरुपयोगी ठरत नाही. मात्र ती नेमकी असावी लागते. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीचे नियम हे त्याचे चांगले उदाहरण आहे. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये आहे. पूर्ण भाव आठ टक्के आर्द्रतेपर्यंत मिळतो, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्याला भावातून एक टक्का कापला जातो आणि बारा टक्क्यांवरचा माल घेतला जात नाही. म्हणजे बारा टक्के ओलाव्याच्या लांब धाग्याच्या कापसालाही नियमाने सुमारे ७,७८६ रुपये पडतात. हा एक आकडा माहीत असलेला शेतकरी दारातल्या व्यापाऱ्याला विचारू शकतो, "ओल आहे म्हणता, तर किती टक्के? मोजून दाखवा." आमच्या गावात आर्द्रता मोजायचे यंत्र आणल्यापासून हा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे, आणि बोलण्याचा सूर त्यामुळे बदललेला मला दिसतो. भावाचा नुसता आकडा जे करू शकत नाही, ते मोजणी आणि कपातीचा नियम यांची माहिती करते. २०२५ च्या हंगामापासून महामंडळाने 'कपास किसान' या ॲपवर नोंदणी घेणे सुरू केले आहे. ज्यांच्या घरात वयस्क मंडळीच आहेत, त्यांची नोंदणी गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने वेळेत करून द्यावी.

पणन मंडळाच्या तक्त्याला माझी पहिली सूचना याच अनुभवातून येते. खेडा खरेदीचे भाव तालुकानिहाय नोंदवले गेले पाहिजेत. ते काम अवघड आहे हे मी जाणतो, कारण हे व्यवहार विखुरलेले असतात आणि पावती क्वचितच असते. परंतु प्रत्येक तालुक्यातील दहा-बारा गावांतून शेतकरी उत्पादक कंपन्यांनी रोज एक आकडा कळवला, तरी आज जिथे पूर्ण अंधार आहे, तिथे काहीतरी दिसू लागेल.

केळीचे दुखणे थोडे वेगळे आहे. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात केळीचा भाव रोज जाहीर होतो. रावेरचा भाव आणि सीमेपलीकडे मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरचा भाव हे दोन आकडे सकाळी सकाळी सगळ्यांच्या तोंडी असतात. म्हणजे माहितीचा तुटवडा नाही. अडचण अशी, की जाहीर झालेला भाव आणि बागेत कटाईच्या वेळी मिळणारा भाव एकच असेल याची हमी नसते, आणि नवती, पिलबाग, कांदेबाग अशा बागांच्या फरकाबरोबर निर्यातीच्या खोक्यात जाणारा माल आणि साधा माल यांतही मोठे अंतर पडते. तयार झालेला घड झाडावर फार दिवस थांबत नाही. उन्हाचा तडाखा किंवा वादळाचा अंदाज असेल, तर शेतकऱ्याची घासाघीस करण्याची ताकद तासागणिक कमी होते. मोठ्या शहरांच्या बाजारात उतरलेल्या केळीचा दर तक्त्यात पाहून बागेतल्या हिरव्या घडाची किंमत ठरवणे चूक आहे, कारण त्या दरात वाहतूक, हाताळणी आणि मधल्या सगळ्यांचा वाटा मिसळलेला असतो. केळी उत्पादकाने हा तक्ता शहरात मागणी चढते आहे की उतरते आहे एवढे पाहण्यासाठीच वापरावा, आणि प्रत्यक्ष सौद्यासाठी रावेर-बऱ्हाणपूरच्या भावाबरोबरच, काल शेजारच्या तीन बागांत खरोखर कोणता भाव मिळाला, हे विचारावे.

जगभरातील अनुभवही हेच सांगतो. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल आले, तेव्हा मासेमारांनी समुद्रातूनच वेगवेगळ्या बंदरांचे भाव विचारले आणि जिथे भाव चांगला तिथे होडी वळवली. निरनिराळ्या बंदरांतील भावांमधली तफावत झपाट्याने घटली आणि वाया जाणारी मासळीही जवळजवळ थांबली. मध्य प्रदेशात २००० साली आयटीसी या कंपनीने सोयाबीनसाठी ई-चौपाल सुरू केली. तिथे गावात भाव कळण्याबरोबरच माल थेट कंपनीला विकण्याचा दुसरा दरवाजाही उघडला, आणि तिथल्या बाजारांतले सोयाबीनचे दर एक ते तीन टक्क्यांनी वाढल्याचे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. याउलट आपल्याच महाराष्ट्रात १०० गावांमध्ये, लघुसंदेशाने भाव आणि हवामान कळवणाऱ्या रॉयटर्स मार्केट लाइट या सेवेचा अभ्यास झाला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शेतकऱ्यांना मिळालेल्या सरासरी भावात म्हणावा असा फरक दिसला नाही. मासेमाराकडे होडी वळवण्याची मोकळीक होती, सोयाबीनवाल्याकडे दुसरा खरेदीदार होता. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही, त्याच्या मोबाइलवर दिवसातून दोनदा भाव पाठवून त्याच्या विक्रीच्या पट्टीतला आकडा बदलत नाही. भावाच्या सेवांवर खर्च करणाऱ्या प्रत्येकाने हा मुद्दा मनावर घ्यावा, असे मला कळकळीने वाटते.

बाकीच्या सेवांविषयी थोडक्यात. केंद्र सरकारच्या पणन व निरीक्षण संचालनालयाचे ॲगमार्कनेट हे संकेतस्थळ २००० सालापासून चालू आहे आणि देशभरातल्या बाजारांची आवक व दर तिथे मिळतात. मिरची किंवा मका परराज्यात कसा चालला आहे हे पाहायला ते चांगले आहे, पण रोजच्या वापरासाठी आमच्या भागातल्या शेतकऱ्याला पणन मंडळाचा तक्ताच सोपा जातो. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेले ई-नाम हे नुसते माहितीचे साधन नसून ऑनलाइन लिलावाचे व्यासपीठ आहे. त्याची कल्पना उत्तम आहे. दूरच्या व्यापाऱ्याने बोली लावायची, तर त्याला माल न पाहता विश्वास वाटेल अशी प्रत तपासणी लागते, आणि प्रत्येक बाजारात तिची सोय किती आहे यावर सगळे अवलंबून असते. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांनी १८००-१८०-१५५१ हा किसान कॉल सेंटरचा मोफत क्रमांक जतन करावा. सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत तिथे मराठीत बोलता येते, आणि बाजारभावाइतकाच कीड-रोगाचा सल्लाही मिळतो. खासगी ॲपपैकी एक मी बरेच दिवस वापरले आणि शेवटी काढून टाकले. त्यावर चार दिवसांपूर्वीचा दर 'आजचा' म्हणून दिसत असे, आणि माझा क्रमांक तिथे नोंदल्यापासून खते-औषधे विकणाऱ्यांचे फोन येऊ लागले. ज्या सेवेचे पैसे आपण देत नाही, तिचा खर्च कोण उचलतो हे आधी विचारून घ्यावे.

या सगळ्या सेवांपासून सर्वांत दूर कोण आहे, हेही लिहिले पाहिजे. सातपुड्यात धडगाव, मोलगी, अक्कलकुवा या भागांत आमचूर, मोहफुले किंवा थोडीशी मिरची विकायला आणणाऱ्या बाईची भाषा भिली किंवा पावरी असते, वजन व्यापाऱ्याच्या काट्यावर होते आणि मोबाइलचे नेटवर्क टेकडी चढून शोधावे लागते. तिच्यासाठी पडद्यावरच्या तक्त्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. आठवडे बाजाराच्या प्रवेशद्वाराशी त्या दिवसाचे भाव तिच्या भाषेत मोठ्याने सांगणारा माणूस आणि बाजार समितीने तपासलेला एक खुला काटा या दोन गोष्टी तिला कोणत्याही ॲपपेक्षा जास्त कमावून देतील. सपाटीवरच्या गावांतही घरचा माल निवडण्या-वाळवण्याचे काम बायका करतात आणि भावाची बातमी मात्र पारावरच्या पुरुषांपुरती राहते. आमच्या गावात दूध संकलन केंद्राबाहेर फळा लावला आहे. त्यावर अमळनेर, चोपडा आणि धुळे या तीन बाजारांचे मका व हरभऱ्याचे सर्वसाधारण दर, आवक आणि तारीख रोज संध्याकाळी खडूने लिहिले जातात. दूध घालायला बहुतेक बायका येतात, त्यामुळे भाव आता घराघरात पोहोचतो, आणि "मक्याले आज काय भाव शे?" हा प्रश्न फळ्यापाशीच सुटतो. यासाठी लागणारी माहिती पणन मंडळाच्या तक्त्यातूनच येते, म्हणून त्या सेवेचे ऋण मान्य केले पाहिजे.

खेडा खरेदीच्या नोंदीशिवाय मंडळाने आणखी तीन सुधारणा कराव्यात. पहिली, दराशेजारी मालाच्या ओलाव्याचा निदान ढोबळ उल्लेख असावा. दुसरी, प्रत्येक बाजार समितीत शेतकऱ्याकडून आणि खरेदीदाराकडून घेतल्या जाणाऱ्या हमाली-तोलाईचे दर त्याच पानावर असावेत, म्हणजे हातात किती पडेल हे घरीच काढता येईल. तिसरी, ज्या दिवशी एखाद्या बाजाराची नोंद आली नसेल, त्या दिवशी बाजार बंद होता की नोंद राहून गेली, हे स्पष्ट लिहावे. सुट्टीच्या दिवशी भरलेली ट्रॉली घेऊन बंद दारापाशी पोहोचण्याचा खर्च लहान शेतकऱ्याला झेपत नाही. तोवर ज्यांचा मका किंवा हरभरा घरात पडून आहे, त्यांनी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तक्ता पाहावा आणि त्या बाजारातल्या ओळखीच्या अडत्याला किंवा मापाड्याला एक फोन करून उद्या लिलाव आहे ना, हे विचारून घ्यावे.